भिंतीवरचं सफरचंद

"ही काडी घेऊ?"

सरांनी मान हलवली. नाही.

"मग हिच्या शेजारची?"

पुन्हा नाही. डाव्या हाताचं बोट उचललं गेलं, हवेत थरथरलं, भिंतीच्या कुठल्याशा कोपऱ्याकडे वळलं आणि मांडीवर पडलं.

"एक दोन तीन चार," सर म्हणाले. ओठ एका बाजूला ओढले जात होते, शब्द मात्र स्वच्छ. "एक दोन तीन."

"तिसऱ्या तारेवरची का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

जानेवारीतली सकाळ होती. पाचगणीतल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मी स्टुलावर उभी होते, हातात छाटणीची कात्री. खाली चाकांच्या खुर्चीत शाल पांघरून माझे यजमान बसले होते. शाळेत मुलं त्यांना कारखानीस सर म्हणत, बाजारात सर म्हणत, आणि लग्नानंतर काही वर्षांनी मीही त्यांचा उल्लेख सर असाच करू लागले होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. आकडे तेवढे राहिले. पाणी हवं असलं तरी एक दोन तीन, पाठ दुखत असली तरी एक दोन तीन, आणि माझ्यावर चिडले तर दहाच्याही पुढे.

"असं होतं," डॉक्टर म्हणाले होते. "विचार न करता येणारं, लहानपणी पाठ झालेलं, तेवढंच तोंडातून निघतं. काय म्हणायचंय ते त्यांना आत नीट कळत असतं. शब्द हाताशी येत नाही. लिहितानासुद्धा येणार नाही. आणि 'हो'च्या जागी कधी 'नाही'ची मान हलेल, त्यामुळे तिच्यावरही फार विसंबू नका."

मी पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात नोकरी घालवलेली बाई. म्हटलं, ज्याला एकही अक्षर येत नाही अशा माणसाला शिकवणं हेच तर माझं काम. संध्याकाळी पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसायची. कमळाचं चित्र दाखवायची. ते चित्राकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, कपाळाची शीर फुगायची, आणि शेवटी, "एक... दोन..." मग मी वर्गात म्हणायची तेच म्हणायची, "असू दे. उद्या बघू." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पहिलीतली मुलं 'उद्या बघू' म्हटल्यावर हसत पळून जायची. यांना पळून जाता येत नव्हतं.

समोरच्या भिंतीवर ते झाड होतं. सफरचंदाचं झाड, पण तुम्ही चित्रात बघता तसं गोल नव्हे. दगडी भिंतीलगत सरळ वर गेलेलं खोड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, तारांना बांधून आडव्या वाढवलेल्या फांद्या. चार तारा, प्रत्येक तारेवर एक हात डावीकडे, एक उजवीकडे. हिवाळ्यात पानं उतरली की भिंतीला पाठ टेकून कुणी हात पसरून उभं आहे असं वाटे. सरांनी ते एका काडीपासून केलं होतं. टेबललँडच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात एक म्हातारे पारशी गृहस्थ राहत, त्यांच्याकडून मागून आणलेली काडी. आपल्याकडे सफरचंदाला पुरेशी थंडी नसते, झाडं वाढतात आणि फळ धरत नाहीत. हे मात्र धरायचं. लहान, लाल रेघांचं, थोडं आंबटसर फळ. जूनमध्ये वसतिगृहात नवी मुलं यायची, पहिल्या दिवशी आईबाप गेट ओलांडून गेले की रडायची. सर त्यांना अंगणात आणायचे आणि प्रत्येकाच्या हातावर सफरचंदाची एकेक फोड ठेवायचे. "हे झाडसुद्धा इथलं नाही," म्हणायचे. "तरी राहिलंय की नाही बघ." मुलं आंबट तोंड करायची आणि रडणं विसरायची.

आता आम्हाला एप्रिलमध्ये क्वार्टर सोडायचं होतं. त्या जागी नवं वसतिगृह होणार होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता, सरांची नोकरीची मुदत आधीच संपली होती, शाळेने उलट दोन महिने जास्त राहू दिलं. पण भिंत पडणार होती, आणि भिंतीबरोबर झाड. एवढं मोठं झाड उपटून नेता येत नाही. त्याच्या काड्या नेता येतात. दुसऱ्या रोपावर त्यांचं कलम करता येतं. इतकं मला माहीत होतं. ते कसं करायचं हे सगळ्या शाळेला माहीत होतं, मला सोडून.

"मास्तर लोकांचं असंच," वसतिगृहाच्या ननावरे मावशी म्हणाल्या. त्या रोज सकाळी डब्यात काहीतरी घेऊन यायच्या. तेव्हाही त्या दारात उपम्याचा डबा धरून उभ्या होत्या. "गावच्या पोरांना शिकवत्यात आन् बायकोला न्हाई शिकवत. सर, आता भोगा!"

सर हसले. हसताना चेहऱ्याची एकच बाजू वर जायची. त्या दिवसांत तेही पुष्कळ होतं.

"मावशी, तुम्ही बघितलंय ना त्यांना काड्या घेताना? कुठली घेतात?"

"म्या कशाला बघू? म्या सफरचंदं बघितली." मग त्यांनी खुर्चीच्या मागचा ब्रेक सोडला. "पर अवो बाई, तुम्ही वर चढून इचारताय आन् ते खालून हात हलवत्यात. त्यांना झाडापाशी न्या की."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही दोघींनी खुर्ची भिंतीला लावली. सरांनी डाव्या हाताने पहिल्या तारेवरची फांदी धरली आणि बोटं तिच्यावरून हळूहळू सरकवली, बाळाच्या पाठीवरून फिरवावीत तशी. एका काडीवर थांबले. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षी वाढलेली, डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, बारीक आणि अंगाला चिकटलेले. तिला नखाने टोचलं. ही.

त्या दिवशी आम्ही भिंतीवरच्या काड्या त्यांच्या बोटाने निवडल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या.

कलमासाठी खालचं रोप, ज्याला खुंट म्हणतात, ते सरांकडे आधीच तयार होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सहा कुंड्या. उत्तरेकडच्या थंड डोंगरांतल्या रानटी सफरचंदाच्या बियांची रोपं, बोटाएवढ्या खोडाची. त्या रानटी झाडाला आपल्याकडे फूलसुद्धा येत नाही, पण मूळ चिवट असतं. दर वर्षी सर छंदवर्गातल्या मुलांना त्यावर कलम करायला शिकवत. मी आत कांदा चिरत असे आणि खिडकीतून त्यांचा आवाज येत असे.

"जोड दिसला? जोडाच्या वर आपला पाहुणा. जोडाच्या खाली खुंट. खुंटालाही फुटवे येतात, आणि ते पाहुण्यापेक्षा जोरात वाढतात. सगळं पाणी तेच पितात, वरचा उपाशी मरतो. म्हणून जोडाच्या खालून काही हिरवं दिसलं की काय करायचं?"

"खुडायचं!"

"कितीही गोड दिसलं तरी?"

"दया करायची नाही!" मुलं एका सुरात ओरडायची. मला हसू यायचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती कलमं मी केली. सर खुर्चीत, मी पाटावर, मधे कुंडी. आधी त्यांनी मला पेरूच्या डहाळ्यांवर सराव करायला लावला. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, एकाच ओढीत, चाकू परत फिरवायचा नाही. माझा चाकू अडखळे. पाचर जाड होई, नाहीतर वाकडी. मी त्यांच्यापुढे धरायची, ते मान हलवायचे. नाही. पुन्हा. नाही. पुन्हा.

"पहिलीच्या पोरालासुद्धा मी इतक्यांदा 'नाही' म्हटलं नसेल हो," मी म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि हलवून सैल केलं. मग स्वतःचं डावं मनगट सैल सोडून हवेत एक ओढ घेतली. चाकू दाबू नको, जाऊ दे. पुढची पाचर सरळ आली. काप गुळगुळीत आला का बघायला त्यांनी ती ओठांना लावली, आणि एका बाजूने हसले.

मग खऱ्या काड्या. खुंट आडवा कापायचा, मधोमध चीर द्यायची, पाचर तिच्यात बसवायची. सालीला साल मिळाली पाहिजे, हे ते मला बोटाचं टोक बोटाला घासून सांगत होते. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडीवर पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालायची, आत ओलावा राहतो. सहाही कुंड्या झाल्या तेव्हा माझी बोटं कापलेली होती आणि सरांचा शर्ट घामाने भिजला होता, जणू त्यांनीच सगळं केलं. एका अर्थी त्यांनीच केलं होतं.

"एक दोन तीन चार पाच सहा," ते म्हणाले. त्या एका वेळी आकडा आणि वस्तू जुळल्या. आम्ही दोघंही हसलो.

मग वाट बघणं. कलमाचं काही करता येत नाही. उघडून बघायचं नाही, हलवायचं नाही. मार्चमध्ये पहिली काडी सुरकुतली. मग दुसरी काळी पडली. मी रोज सकाळी सरांना खिडकीपाशी न्यायची आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखायची. एप्रिल लागला तेव्हा एकाच कुंडीतली काडी हिरवी होती. हिरवी, पण झोपलेली.

आम्ही वाईला निघालो त्या दिवशी भिंतीवरच्या झाडाला पालवी फुटलेली होती. मावशी डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. सरांनी खुर्ची भिंतीपाशी न्यायला लावली नाही. मी विचारलं, त्यांनी मान हलवली, नाही. यावेळी नाही म्हणजे नाहीच होतं.

ती एक कुंडी टेम्पोत ठेवण्याआधी मी तिच्यात वरपर्यंत माती दाबून भरली होती. पसरणी घाटातल्या वळणांवर रोप डुलू नये म्हणून. पट्टीच्या काठापर्यंत माती आली. सर तेव्हा आत होते, मावशी त्यांना शर्ट घालत होत्या.

वाईचं घर दोन खोल्यांचं, मागे छोटंसं अंगण आणि त्याला पूर्वेची भिंत. पाचगणीहून खाली उतरलं की उन्हाळा एकदम अंगावर येतो. मी कुंडी सावलीत ठेवली, दिवसातून दोनदा पाणी शिंपडलं. आणि एका सकाळी पट्टीच्या काठाशी, मातीला लागूनच, हिरवा कोंब दिसला. राईएवढा. दुसऱ्या दिवशी त्याला पानं सुटली.

काडीचे वरचे डोळे बंदच होते. पण तिचा सगळ्यात खालचा डोळा पट्टीच्या काठाशी बसवलेला मला आठवत होता. तोच फुटला, मी म्हटलं. मी धावत आत गेले. सर नुकतेच उठले होते, मी तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही. खुर्ची ढकलत अंगणात आणली.

"बघा! बघा तरी!"

त्यांनी बघितलं. चेहऱ्याची चांगली बाजू क्षणभर उजळली. मग ते वाकले, जवळून बघितलं, आणि उजेड गेला.

"एक दोन तीन," ते म्हणाले.

"हो! तीन पानं आलीत."

"एक दोन तीन चार!"

"चौथं येतंय, बरोबर." मला वाटलं ते पानं मोजताहेत. इतक्या महिन्यांनी आकडे पुन्हा वस्तूंना लागू लागले, असं वाटून मला भरून आलं. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "असंच. उद्या पाचवं मोजू."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पान कुरवाळणार. त्यांनी कोंब चिमटीत धरला आणि ओढला.

मी किंचाळले. त्यांचा हात धरला. कोंब तुटला नव्हता, एक पान फाटलं होतं. "अहो, काय करताय! एवढं एकच उरलंय!"

"एक दोन तीन चार पाच सहा सात," सर म्हणत होते. आवाज चढत होता, मान दोन्हीकडे हलत होती, हो आणि नाही एकाच वेळी. ते वरच्या सुकत चाललेल्या काडीला बोट लावत होते, मग कोंबाकडे झेपावत होते, मग माझ्याकडे. शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या.

"काय झालं हो? भांडण?"

"नाही नाही," मी म्हटलं. "आजारपणामुळे होतं असं कधीकधी."

त्यांच्यादेखत म्हटलं. सरांनी हात मागे घेतला.

मी कुंडी उचलून भिंतीच्या कट्ट्यावर ठेवली, त्यांच्या हाताच्या वर. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, चिडचिड होईल, वस्तू फेकतील, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. रोज सकाळी खुर्ची अंगणात आणली की ते कट्ट्याकडे तोंड करून मोजायला लागायचे. आधी जोरात. मग विनवणीच्या सुरात, लहान मूल अभ्यास म्हणून दाखवतं तसं, एकेक आकडा सुटा. मी पाटी आणली. त्यांच्या डाव्या हातात खडू दिला. "लिहा. काय हवंय ते लिहा. एक अक्षर लिहा, मी पुढचं ओळखते." त्यांनी एक आडवी रेघ ओढली. तिच्या खाली दुसरी ओढायला गेले आणि खडू मोडला. पाटीवर फक्त ती रेघ. मी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. 'ए' आहे का? 'न' आहे का? "शिरोरेषा काढलीत," मी म्हटलं. "छान. आता खाली अक्षर."

त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि मांडीवर पालथी ठेवली.

कोंब वाढत होता. वीतभर झाला. वरची काडी आधी करडी झाली, मग काळी. मी म्हटलं, जाऊ दे, तिचं काम झालं.

एका संध्याकाळी मी त्यांना अंगणात भरवत होते. ते तोंड उघडेनात. मी चमचा धरून बसले, आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी चमचा ताटात टाकला. "मला नाही येत हो," मी म्हटलं. "तुमची कलमं मला नाही जमली, तुमचं बोलणं मला नाही जमत. मुलांना शिकवलं म्हणून मिरवत होते. सहातलं एक जगलं, तेवढंच मला जमलंय. ते तरी राहू दे." आणि पदर तोंडावर घेऊन रडले. झटका आल्यापासून मी त्यांच्यासमोर रडले नव्हते.

 सरांनी कट्ट्याकडे हात केला.

मी कुंडी खाली आणली. भीत भीतच त्यांच्या मांडीवर ठेवली, हात जवळ ठेवला, झेपावले तर धरता यावं म्हणून. त्यांनी कोंबाचं एक पान बोटावर घेतलं. उलटं केलं. पानाची मागची बाजू अंगठ्याने चोळून बघितली. भिंतीवरच्या झाडाची पानं मागून लोकरीसारखी पांढरट लव असलेली असायची, हे मला आज लिहिताना आठवतंय. हे पान दोन्हीकडून गुळगुळीत होतं.

"आपलंच आहे ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. हो. सावकाश, दोनदा, चुकून 'नाही' होऊ नये अशी.

नंतर डाव्या हाताच्या पालथ्या बाजूने माझे डोळे पुसले, आणि भाताच्या ताटाकडे बघून तोंड उघडलं.

पावसाळ्यात आम्ही वरची काळी काडी छाटली आणि ते रोप भिंतीलगत, पट्टी मातीखाली जाईल इतकं खोल लावलं. मी खिळे ठोकून तारा ताणल्या. सरांना दोरी हवी होती, बोटांनी पीळ घालून दाखवत होते. मी माझी जुनी सुती साडी फाडून चिंध्या केल्या. त्यांनी फांदी तारेवर वाकवली, डाव्या हाताने चिंधी फिरवली, एक टोक दातात धरलं आणि गाठ मारली. पहिली गाठ मारायला अर्धी सकाळ गेली. मला मारू दिली नाही. तीन वर्षं ते जगले, आणि तीन वर्षांत त्या झाडाचे सगळे हात त्यांनीच बांधले, एक डावीकडे, एक उजवीकडे.

डिसेंबरात पानं काढायची असतात. पाचगणीत वसतिगृहाची मुलं काढायची. सर त्यांना सांगायचे, इथली थंडी झाडाला थंडी वाटतच नाही, त्याला झोप येत नाही, आणि झोप झाल्याशिवाय ते फुलत नाही. म्हणून आपण त्याची पानं उतरवायची आणि त्याला सांगायचं, हिवाळा आला. वाईला मी खुर्ची भिंतीशी लावायची. खालच्या तारेची पानं ते काढायचे, वरच्या मी. प्रत्येक पानाला एक आकडा. एक, दोन, तीन, चार. दहापर्यंत जाऊन परत एक.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मी रोज फुलं शोधायची. पानं यायची, फुलं यायची नाहीत. "वाई गरम पडते," मी म्हणायची. "पुढच्या वर्षी येतील. उद्या बघू." मी झाडाकडे बघत असायची आणि सर माझ्याकडे.

चौथ्या डिसेंबरात खुर्ची रिकामी होती. पानं मी एकटीने काढली.

आता त्यालाही बरीच वर्षं झाली. गल्लीतली मुलं रविवारी माझ्याकडे येतात. वाचन असतं, मग अंगण असतं. सरांसारखं मला येत नाही, पण खिडकीतून ऐकलेलं सगळं पाठ आहे, ते सांगते. आंब्याच्या, पेरूच्या कलमांवर शिकवते. जोडाच्या वर पाहुणा, जोडाच्या खाली खुंट.

गेल्या डिसेंबरात पानं काढायच्या आधी मी मुलांना झाडाच्या बुंध्याशी खत घालायला सांगितलं. चैत्राली नावाची चौथीतली मुलगी आहे, तिला हाताने उकरायला आवडतं. तिने बुंध्याभोवतीची माती पार खोल काढली. मग थांबली.

"आजी, हे काय आहे?"

मी चष्मा लावून वाकले. जमिनीच्या खाली, खोडाच्या एका बाजूला, अंगठ्याएवढा काळा खुंटा होता. त्याच्यावर आडव्या कापाची खूण, कापाच्या मधोमध चीर, आणि चिरीत अडकलेली कुजकी पाचर. प्लास्टिकच्या पट्टीचा एक तुकडा अजून सालीत रुतलेला. आणि त्या सगळ्याच्या खालून, चांगलं चार बोटं खालून, आमचं झाड निघालं होतं.

"जोड वर आहे," चैत्राली म्हणाली. तिने बोटाने दाखवलं, वर, खाली. मग माझ्याकडे बघितलं. "मग हे झाड... जोडाच्या खालचं?"

मला पाटीवरची ती आडवी रेघ दिसली. आणि तिच्या खाली मोडलेला खडू.

"हो," मी म्हटलं. "खालचं."

"म्हणजे याला सफरचंदं नाही लागणार?"

"नाही."

"कधीच?"

"नाही गं."

बाकीची मुलं गोळा झाली होती. चैत्राली मातीवर उकिडवी बसून विचार करत होती. शिकवलेलं एकमेकांना लावून बघताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. एरवी मला ते बघायला फार आवडतं.

"पण आजी, हे तर सरांनी बांधलंय ना? तुम्ही सांगता. या गाठी त्यांच्या."

"त्यांच्याच."

"त्यांना कळलं नाही, खालचं आहे ते?"

"कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. तोडायला गेले होते ते."

"मग तोडलं का नाही?"

सगळ्यात खालच्या तारेवर एक चिंधी अजून आहे. साडीचा रंग गेलाय, गाठ सालीत बुडत चाललीय. दर वर्षी मी ती सैल करायला जाते आणि सोडून देते.

"तुम्हीच म्हणता ना," चैत्राली म्हणाली, "दया करायची नाही. मग सरांनी झाडावर दया केली?"

"झाडावर नाही," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. तिने उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली आणि वरून थापटली. फ्रॉकला हात पुसून उभी राहिली.

"मग आज पानं काढायची का नाही, आजी?"

मुलं माझ्याकडे बघत होती. भिंतीवर ते हात पसरून उभं होतं, चारी तारांवर, दोन्ही बाजूंना सारखं.

"काढायची," मी म्हटलं. "खालच्या तारेपासून."

चैत्राली भिंतीशी गेली. तिने पहिलं पान देठाशी धरलं, वरच्या बाजूला अलगद मोडलं, मी शिकवलं तसं.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चार..."